टीबीचा पैसा: आटतो कुठे आणि भरतं कोण?

आडवाट

नोव्हेंबर २०२५ मध्ये टीबीच्या दोन बातम्या आल्या. दोन्ही आतल्या पानांवर आल्या आणि तिथेच संपल्या, म्हणून मंचावर हा चर्चेचा धागा.

पहिली बातमी जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक अहवालाची. २०२४ या एका वर्षात १ कोटी ७ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि १२ लाख ३० हजार दगावले. दिवसाला तीन हजारांवर. एकाच जंतूमुळे होणाऱ्या आजारांत याच्याइतके बळी दुसरा कुठलाच आजार घेत नाही. मधली तीन वर्षं कोविड पुढे होता, आता टीबी पुन्हा पहिल्या नंबरावर आहे. दुसरी बातमी जोहान्सबर्गची. एड्स, टीबी आणि मलेरिया या तिघांसाठी पैसा उभा करणाऱ्या ग्लोबल फंडाने पुढच्या तीन वर्षांसाठी १८ अब्ज डॉलर मागितले होते. ११.३४ अब्जांची आश्वासनं मिळाली.

त्याआधी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली होती. टीबीसाठी अमेरिका वर्षाला थेट २० ते २५ कोटी डॉलर द्यायची, म्हणजे सगळ्या आंतरराष्ट्रीय मदतीचा साधारण चौथा हिस्सा. ग्लोबल फंडातही सर्वांत मोठा वाटा तिचाच. मार्चपर्यंत २७ देशांतली टीबीची कामं कोलमडायला लागल्याचं आरोग्य संघटनेने जाहीर केलं होतं.

आता गरज किती? २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत सगळ्या देशांनी मान डोलावून ठरवलं की २०२७ पर्यंत वर्षाला २२ अब्ज डॉलर उभे करायचे. २०२४ मध्ये प्रत्यक्षात जमले ५.९ अब्ज.

माझा मुद्दा या आकड्यांच्या पुढचा आहे. टीबीचा पैसा कापला तर त्याच वर्षी काही होत नाही, आणि म्हणूनच तो कापायला सोपा जातो. हा जंतू अतिशय सावकाश वाढतो. इतर कित्येक जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला वीस तासांच्या आसपास लागतात. आज संसर्ग झालेला माणूस आजारी पडला तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत पडतो, पण काहीजण वीस वर्षांनीही पडतात. अंदाजपत्रकात काट मारणारा मंत्री तोवर दुसऱ्या खात्यात गेलेला असतो.

न्यूयॉर्कचं उदाहरण यासाठी पाठ करून ठेवावं असं आहे. टीबी कमी होत चालला म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७२ मध्ये त्याचं राखीव अनुदान बंद केलं. शहराने दवाखाने कमी केले, घरोघर जाणारी माणसं कमी केली. १९७८ मध्ये शहरात १,३०७ रुग्ण होते, तेव्हा निर्णय बरोबरच वाटत असणार. पुढे बेघरांची संख्या वाढली, एचआयव्ही आला, आणि १९९२ मध्ये आकडा ३,८११ झाला. त्यात औषधांना दाद न देणारा टीबी भरपूर. शहरातल्या हार्लेम वस्तीतल्या एका पाहणीत रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांपैकी ८९ टक्के लोकांनी उपचार पुरे केलेच नव्हते. ही साथ आटोक्यात आणायला एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला. वाचवले होते त्याच्या कितीतरी पट.

यावर मंडळींचं काय मत? विशेषतः प्रत्यक्ष या कामात असलेल्यांनी लिहावं.

कोरीपाटी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: बीसीजीची लस आपण सगळ्यांनी घेतलीय ना? मग एवढे लोक आजारी कसे?

आडवाट

प्रश्न बाळबोध अजिबात नाही. बीसीजी १९२१ पासून वापरात आहे आणि लहान मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा किंवा सर्वांगात पसरणारा टीबी ती चांगला रोखते. मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा नाही, आणि फैलाव होतो तो मुख्यतः याच रुग्णांच्या खोकल्यातून. शंभर वर्षं झाली, दुसरी लस अजून आलेली नाही.

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण मी थोडं उलट बाजूने लिहितो.

तुम्ही दिलेल्या ५.९ अब्जांपैकी चार पंचमांशाहून जास्त पैसा त्या-त्या देशांनी स्वतःच्या तिजोरीतून घातलेला आहे. परदेशी मदत उरलेल्या पाचव्या हिश्शातली. मग ती कमी झाली म्हणून आभाळ कोसळल्यासारखं का बोलायचं? २२ अब्ज हा आकडाही ज्यांना पैसा हवा त्यांनीच काढलेला. मागताना कोणी कमी मागत नाही.

आणि तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही. बाहेरून पैसा येतो तोवर आरोग्यमंत्री आपल्या अंदाजपत्रकात टीबीची ओळ रिकामी ठेवतो. मदत बंद झाली की ओरड. हे चक्र कधीतरी तोडावंच लागेल.

उंबरठा

हिशेबनीस, तिसऱ्या मुद्द्यावर बरीचशी सहमत. पहिल्यावर अजिबात नाही, कारण ती सरासरी फसवी आहे.

भारत, चीन, ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका हे मोठे देश आपला बहुतेक खर्च आपणच करतात आणि जगाच्या एकूण देशांतर्गत खर्चात त्यांचाच भरणा जास्त. हे पाच बाजूला काढले की चित्र पालटतं. आफ्रिकेतल्या कितीतरी गरीब देशांत टीबीचा निम्म्याहून जास्त पैसा बाहेरून येतो. तिथे 'पाचवा हिस्सा' म्हणून काही नसतंच. मदत गेली की कार्यक्रमच जातो.

आणि या बाहेरच्या पैशातला तीन चतुर्थांश एकट्या ग्लोबल फंडातून येतो. म्हणजे एका बैठकीत कमी आश्वासनं मिळाली की डझनावारी देशांना एकदम फटका. त्यातही फंडाच्या वाटणीत टीबी तिसऱ्या क्रमांकावर. पहिल्या १२ अब्जांपैकी १८ टक्के टीबीला, बाकी एचआयव्ही आणि मलेरियाला. या तिघांत सर्वांत जास्त माणसं टीबीने मरतात, हे सांगून ठेवते.

हिशेबनीस

१८ टक्के? हे माहीत नव्हतं. असं का?

उंबरठा

एचआयव्हीच्या बाजूने रुग्ण स्वतः रस्त्यावर उतरले, आणि श्रीमंत देशांतले उतरले. टीबीचा रुग्ण सहा महिन्यांत बरा होतो किंवा मरतो, आणि बरा झालेला पुन्हा त्याचं नाव काढत नाही. लपवतो. माझ्या मते खरं कारण हेच, पण याला पुरावा मागू नका.

काचपट्टी

मी प्रयोगशाळेत आहे. काम खोकल्यातून आलेला बेडका काचेच्या पट्टीवर तपासण्याचं, म्हणून हे नाव. उंबरठाताईंनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगते.

पैसा म्हटला की लोकांना गोळ्या आठवतात. साध्या टीबीचा सहा महिन्यांचा औषधांचा संच जागतिक खरेदीत पन्नास डॉलरच्या आत येतो. गोळ्या हा या आजाराचा सर्वांत स्वस्त भाग आहे. खर्च होतो तो माणूस सापडण्यावर. २०२४ मध्ये १ कोटी ७ लाख आजारी पडले, त्यातले ८३ लाख नोंदवले गेले. उरलेले २४ लाख कुठे आहेत? काही चुकीच्या औषधांवर असतात, काही घरीच खोकत असतात, काही खाजगीत उपचार घेतात पण नोंद होत नाही. उपचाराशिवाय राहिलेल्या रुग्णांपैकी निम्मे दगावतात. दगावण्याआधी घरातल्यांना देऊन जातात.

माणूस सापडायचा म्हणजे काय काय लागतं? आधी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन 'खोकला किती दिवस आहे' असं विचारायला हवं. मग बेडका हवा, थुंकी नको. हे समजावण्यातच अर्धा वेळ जातो. मग तो नमुना थंड राहील अशा डब्यातून यंत्रापर्यंत यायला हवा. कोणीतरी मोटरसायकलवर तो घेऊन येतं, त्या माणसाचा पगार आणि पेट्रोल ही दोन कलमं कुठल्याही अंदाजपत्रकात सर्वांत आधी उडतात. यंत्र म्हणजे जीनएक्सपर्ट. दोन तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, दोन्ही सांगतं. २०१० मध्ये आरोग्य संघटनेने याची शिफारस केली, तरी आजही साधारण निम्म्याच रुग्णांची पहिली तपासणी अशा जलद चाचणीने होते. बाकीच्यांची अजून काचपट्टीवर. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसायला ते पुष्कळ असावे लागतात, आणि दिसले तरी कुठल्या औषधाने मरतील हे काचपट्टी सांगत नाही.

प्रत्येक तपासणीला एक कार्ट्रिज लागतं आणि ते एकदाच वापरता येतं. यंत्र फुकट मिळालं तरी कार्ट्रिजचा पुरवठा थांबला की ते टेबलावरचं शोभेचं खोकं. मी अशी खोकी पाहिली आहेत. वर वीज, वातानुकूलन, आणि वेळच्या वेळी दुरुस्ती. पुढे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायचा तर हवेचा दाब कमी ठेवलेली वेगळी प्रयोगशाळा लागते आणि निकालाला आठवडे जातात, कारण आडवाट म्हणाले तसा जंतू वीस तासांनी एकदा वाढतो.

पैसा कमी झाला की या साखळीतली कडी कुठली तुटते ते बाहेर दिसत नाही. कागदावर रुग्णसंख्या कमी होते! तपासलंच नाही तर सापडणार कुठून? २०२० मध्ये हेच झालं. २०१९ ला जगात ७१ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, २०२० ला ५८ लाख. कोणाला वाटावं टीबी घटला. त्याच वर्षी मृत्यू मात्र वाढले, दहा वर्षांहून जास्त काळानंतर पहिल्यांदा.

म्हणून नोंदीचा आकडा खाली आला की आमच्याकडे कोणी आनंद करत नाही. आधी कार्ट्रिजचा साठा बघतात.

कोरीपाटी

काचपट्टीताई, प्रतिसाद जबरदस्त. 'कागदावर रुग्णसंख्या कमी होते' हे डोक्यात राहणार.

मधलीसुट्टी

सगळे यंत्रांबद्दल आणि फंडांबद्दल बोलताहेत. मी वेगळं म्हणतो. इंग्लंडमध्ये टीबीचे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उतरत होते. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने जंतू शोधला १८८२ मध्ये. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये. म्हणजे औषध येण्याआधीच या रोगाने मोठी उतरण पार केली होती. थॉमस मॅकिओन या ब्रिटिश डॉक्टरने हे मांडून ठेवलंय: लोकांना बरं खायला मिळालं आणि त्यांचं राहणीमान सुधारलं, म्हणून टीबी हटला.

आजही बघा. २०२३ मधल्या रुग्णांपैकी जवळपास १० लाख जणांचा टीबी कुपोषणामुळे झाला असं आरोग्य संघटनाच म्हणते. एचआयव्हीमुळे झालेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. मग २२ अब्ज चाचण्यांवर आणि गोळ्यांवर कशाला? धान्य द्या, घरं द्या. टीबीबरोबर आणखी दहा आजार जातील.

उंबरठा

मधलीसुट्टी, मॅकिओनवर नंतर बरीच टीका झाली. उतरणीचं श्रेय एकट्या अन्नाला देता येत नाही असं अनेक अभ्यासकांनी दाखवलं. पण तुमचा मुद्दा मोडीत काढायचा नाहीये, कारण दोन्ही बाजूंना इतके उत्तम पुरावे आहेत की वाद घालायला मजा येते.

तुमच्या विरोधातला पुरावा १९५० च्या दशकातला. तेव्हा टीबी म्हणजे सॅनेटोरियम, विश्रांती आणि सकस आहार अशी ठाम समजूत होती. मद्रासमध्ये १९५६ पासून एक प्रयोग झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी, गर्दीच्या वस्तीत. औषधं दोघांनाही तीच, वर्षभर. घरच्यांचं खाणं सॅनेटोरियमपेक्षा कितीतरी निकृष्ट होतं आणि कामही थांबलेलं नव्हतं. १९५९ मध्ये निकाल छापून आला: बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं. घरातल्या इतरांनाही जास्त धोका झाला नाही. जगभरातली सॅनेटोरियमं बंद पडण्यात या प्रयोगाचाही मोठा हात होता. तो पैशाचाही प्रश्न होता. सगळ्या रुग्णांना खाटा देणं कुठल्याच गरीब देशाला शक्य नव्हतं.

तुमच्या बाजूचा पुरावा ताजा आहे. झारखंडमधला 'रेशन्स' अभ्यास, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातले दहा हजारांहून जास्त लोक. रुग्णांना सगळ्यांनाच शिधा दिला, पण घरातल्यांपैकी निम्म्या गटालाच. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, फुफ्फुसाच्या संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी झाला.

मद्रासने दाखवलं की जंतू औषधाने मरतो, पोट भरलेलं असो वा नसो. झारखंडने दाखवलं की आजारी कोण पडणार आणि कोण मरणार हे पोटावर ठरतं. मला यात विरोध दिसत नाही. ब्राझीलच्या बोल्सा फामिलियावरचा अभ्यासही बघा: अतिगरीब कुटुंबांना रोख रक्कम मिळाली तिथे टीबीचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी दिसलं.

फक्त एक सांगा. 'आधी गरिबी हटवा' असं म्हणून चाचण्यांचा पैसा थांबवला तर आज खोकणाऱ्या माणसाने किती वर्षं थांबायचं?

मधलीसुट्टी

थांबवा असं मी म्हणालोच नाही. यादीत धान्य कुठेच नव्हतं, तिकडे बोट दाखवत होतो. रोगाच्या खर्चाने घरं बुडतात हेही कोणी लिहिलं नाही अजून. जवळपास निम्म्या टीबीग्रस्त कुटुंबांचा या आजारापायी होणारा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर जातो, औषध फुकट असूनही. रोजगार बुडतो, प्रवास होतो. गरिबीतून टीबी आणि टीबीतून पुन्हा गरिबी. ही गाठ एका बाजूने सुटणार नाही.

पुनश्च

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मला एमडीआर झाला होता. म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन मुख्य औषधं चालेनाशी झालेला.

तेव्हा जुना उपचार होता. दीड-दोन वर्षं चालायचा, त्यातले सुरुवातीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन. बसायला जागा उरायची नाही. गोळ्यांची मूठ घेतली की दुपारपर्यंत उलट्या. मग एक दिवस कानात शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, हे होतं काहीजणांना. डावा कान गेला तो गेलाच. फोन अजून उजव्या कानाला लावतो.

मला राग इंजेक्शनचा नव्हता. ते औषध माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं होतं. चाळीस वर्षं या रोगासाठी कोणी नवीन औषध शोधलंच नाही, कारण घेणारे माझ्यासारखे. बेडाक्विलिन या नव्या औषधाला मान्यता मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये. ते सर्वांपर्यंत पोचायला आणखी कितीतरी वर्षं.

आता सहा महिन्यांचा, पूर्ण गोळ्यांचा उपचार आहे. इंजेक्शन नाही. हे वाचून आनंद होतो आणि थोडं पोटात तुटतंही.

काचपट्टी

पुनश्च, लिहिलंत ते बरं केलंत.

तो सहा महिन्यांचा उपचार म्हणजे बीपाल-एम: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केली. ज्या चाचणीवर ती आधारलेली होती तिथे नव्या उपचाराने ८९ टक्के रुग्ण बरे झाले, जुन्याने ५२ टक्के. पण एमडीआर किंवा रिफॅम्पिसिनला दाद न देणारा टीबी वर्षाला सुमारे चार लाख लोकांना होतो आणि त्यातल्या पाचांपैकी दोघांनाच उपचार मिळतो. औषध आहे, रुग्ण आहे, मध्ये तपासणी नाही.

हिशेबनीस

पुनश्च यांच्या प्रतिसादानंतर हिशेब मांडायला जरा संकोच वाटतो, तरी मांडतो. बेडाक्विलिन महाग का होतं? कंपनीच्या नफ्यासाठी लोकांनी कर भरायचा असेल तर माझा आक्षेप कायम. फंडात कितीही ओता, खालून भोक असेल तर काय उपयोग?

आडवाट

हा आक्षेप मला मान्य आहे आणि यावर लढाई झालीही आहे. बेडाक्विलिन जॉन्सन अँड जॉन्सनचं. त्याच्या संशोधनात सार्वजनिक पैसा कंपनीच्या स्वतःच्या गुंतवणुकीपेक्षा जास्त होता असं २०२० च्या एका अभ्यासाने मांडलं. मूळ पेटंट २०२३ मध्ये संपत होतं, कंपनीने औषधाच्या क्षारावर, म्हणजे गोळीत वापरतात त्या रूपावर, वेगळं पेटंट मागून मक्तेदारी पुढे ओढायचा प्रयत्न केला. भारतात त्याला नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी आव्हान दिलं. दोघीही टीबीतून वाचलेल्या, आणि पुनश्च, दोघींचीही श्रवणशक्ती त्याच इंजेक्शनांनी गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्याच ऑगस्टमध्ये जागतिक खरेदीतली सहा महिन्यांच्या संचाची किंमत २८९ डॉलरवरून १३० वर आली.

जीनएक्सपर्टच्या कार्ट्रिजचंही तसंच. वर्षानुवर्षं ९.९८ डॉलर. बराच दबाव आल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये ७.९७.

पण हे किंमत उतरवणं जमलं कशामुळे? एकत्रित खरेदी करणारा कोणीतरी मोठा गिऱ्हाईक होता म्हणून. १९९० च्या दशकात पेरूची राजधानी लिमामध्ये पॉल फार्मर आणि जिम किम या अमेरिकन डॉक्टरांचा गट एमडीआरच्या रुग्णांवर उपचार करत होता, तेव्हा तज्ज्ञांचं उत्तर ठरलेलं: गरीब देशांना परवडणार नाही. २००० च्या सुमारास अनेक देशांची मागणी एकत्र करून खरेदी सुरू झाली आणि काही औषधांच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत उतरल्या. 'परवडत नाही' ही किंमत कोणीतरी ठरवलेली असते. फंड आटला की हा मोठा गिऱ्हाईकच बाजारातून उठतो, आणि मग प्रत्येक छोटा देश कंपनीपुढे एकटा उभा.

हिशेबनीस

गिऱ्हाईकाचा मुद्दा पटतोय. भोकाचा मुद्दा मी सोडत नाही.

खोडरबर

उशिरा आलो. एक मुद्दा राहिला असं वाटतं. श्रीमंत देशांनी पैसा का द्यावा? कारण जंतूला व्हिसा लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी इथे २००५-०६ मध्ये एक्सडीआर टीबीची, म्हणजे एमडीआरपेक्षाही जास्त औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची, साथ आली होती. ५३ रुग्ण सापडले, त्यातले ५२ मेले. नमुना घेतल्यापासून निम्मे १६ दिवसांच्या आत. असा जंतू विमानात बसला तर? अमेरिकेतही २०२४ मध्ये १० हजारांवर टीबी रुग्ण नोंदले गेलेत. स्वतःसाठी तरी द्या म्हणावं.

उंबरठा

टुगेला फेरीचे आकडे बरोबर आहेत. पण खोडरबर, हा युक्तिवाद मला कधीच आवडला नाही. भीती दाखवून मिळालेला पैसा भीती संपली की परत जातो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ ला तो भीतीनेच आला होता. शिवाय टुगेला फेरीतले बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि कित्येकांना संसर्ग रुग्णालयातच झाला असं दिसतं. ती गोष्ट खिडक्या, मास्क आणि एचआयव्हीच्या औषधांची आहे. विमान कुठून आलं त्यात?

सरळ हिशेब सांगितला तर जास्त टिकतो. कोपनहेगन कन्सेन्सस नावाचा अर्थतज्ज्ञांचा गट आहे, 'एका डॉलरमागे फायदा किती' एवढंच मोजतो, भावनिक होण्याबद्दल त्यांना कोणी दोष देणार नाही. २०२३ मध्ये त्यांनी टीबीवरच्या एका डॉलरमागे ४६ डॉलरचा परतावा काढला. कारण साधं आहे: टीबी ऐन कमावत्या वयात माणूस नेतो.

हिशेबनीस

४६ मध्ये एका जिवाची किंमत किती धरली यावर सगळं अवलंबून. ती अर्धी केली तरी २३ राहतात हे मान्य. ठीक.

माझा शेवटचा प्रश्न. समजा २२ अब्ज मिळाले. टीबी खरंच हटतो का? की दरवर्षी तेवढेच मागत राहायचे? चाळीस वर्षांपूर्वीही लोक हेच बोलत असणार.

आडवाट

रास्त प्रश्न. २०१५ ते २०२४ या काळात जगातलं टीबीचं प्रमाण सरासरी वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास उतरलं. या वेगाने आपल्या कोणाच्या हयातीत संपणार नाही. उतार तीव्र व्हायला नवी लस लागेल. एम७२ नावाच्या लसीने आधीच्या टप्प्यात, संसर्ग झालेल्या प्रौढांत, टीबी होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आणलं होतं. ते निकाल २०१८-१९ चे. तिसरा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, वीस हजार लोकांवर. मध्ये पाच वर्षं गेली, आणि शेवटी गेट्स फाउंडेशन आणि वेलकम ट्रस्टने मिळून ५५ कोटी डॉलर दिले तेव्हा ही लस पुढे हलली. कोविडची लस वर्षाच्या आत आली होती. संशोधनासाठी वर्षाला ५ अब्ज हवेत, २०२३ मध्ये १.२ अब्ज खर्च झाले.

पण लस येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला का माउ नावाचा प्रांत आहे. तिथे ६० वस्त्यांत सलग तीन वर्षं, वर्षातून एकदा, प्रत्येक प्रौढाचा बेडका जीनएक्सपर्टवर तपासला. खोकला असो वा नसो. बाकीच्या ६० वस्त्यांत नेहमीचंच काम. चौथ्या वर्षी दोन्हीकडे मोजलं तर तपासलेल्या वस्त्यांत टीबी ४४ टक्क्यांनी कमी होता. नवी लस नव्हती, नवं औषध नव्हतं. काचपट्टीताईंनी वर सांगितलेली साखळी तीन वर्षं तुटू दिली नाही, एवढंच.

काचपट्टी

खोकला नसलेल्यांनाही, हे महत्त्वाचं. पाहण्यांत सापडणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच त्रास जाणवत नसतो. ते स्वतःहून आमच्याकडे कधीच येणार नाहीत. पण प्रत्येक प्रौढासाठी दरवर्षी एक कार्ट्रिज... आमच्याकडे खोकणाऱ्यांना पुरत नाहीत.

हिशेबनीस

४४ टक्के तीन वर्षांत? हे मी वाचणार. त्या प्रयोगाचा खर्च कोणी केला होता, व्हिएतनामने?

आडवाट

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने. काम व्हिएतनामच्या राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाच्या माणसांनी केलं.